वकिलाची गुरगुर

वकिलाला हे नाव त्याच्या तोंडामुळे मिळालं. लिफ्टच्या खड्ड्यात पडलेलं हे कुत्र्याचं पिल्लू ताईच्या नवऱ्याने शर्टात गुंडाळून घरी आणलं, तेव्हा ते मुठीएवढं होतं, पण तेवढ्याशा देहातून साऱ्या जगावर हरकत घेत होतं. अंग पुसायला घेतलं, गुर्रर्र. वाटी पुढे सरकवली, गुर्रर्र. "अगं, हा तर वकीलच आहे," नवरा हसत म्हणाला. तेव्हापासून घरात, जिन्यात आणि गल्लीत तो वकीलच झाला.

आता वकील चार वर्षांचा होता, आणि येत्या रविवारी त्याला दवाखान्यात नेऊन कायमचं झोपवायचं, असं घरात ठरलं होतं. ते टळायचं असेल तर एकच गोष्ट व्हायला हवी होती. त्याने गुरगुरायला हवं होतं. आणि वकील काही केल्या गुरगुरत नव्हता.

यात दोष कोणाचा, हे ताईला पक्कं ठाऊक होतं. ती दुसऱ्या कोणावर खापर फोडणारी बाई नव्हती, आणि फोडायचं म्हटलं तरी फोडणार कुणावर?

ताईचं शिवणकाम घरातच चाले. बाहेरच्या खोलीत खिडकीशी मशीन, मधे कापायचं मोठं टेबल, कोपऱ्यात पडदा लावून केलेली कपडे बदलायची जागा. दिवसभर माणसांची ये-जा. कुणाची पँट लांब, कुणाचा कोट सुटलेला, कुणाचा फ्रॉक सहा महिन्यांत आखूड झालेला. वकिलाची जागा टेबलाखाली. त्याचा डावा कान लहानपणी पिकला होता, तो वरून बरा दिसला तरी आतून दुखरा राहिला. त्या बाजूने कुणी वाकलं, ओलांडून गेलं की टेबलाखालून आवाज यायचा. फार मोठा नाही. दूरवर कुणीतरी जड कपाट सरकवावं, तेवढाच.

पण गिऱ्हाइकांचा जीव घाबरायचा. एक शाळेच्या मोठ्या बाई तर टाचण्या लावलेल्या अंगाने तशाच दाराकडे धावल्या. "कुत्रा ठेवा नाहीतर गिऱ्हाईक ठेवा," असं जाता जाता सुनावून गेल्या. ताईला ते झोंबलं. त्याच आठवड्यात तिने मास्तरांना बोलावलं.

मास्तर म्हणजे कुत्र्यांचे मास्तर. तीस वर्षं त्यांनी पहाऱ्याचे कुत्रे तयार केले होते. मिशा पांढऱ्या, बोलणं मोजकं, माणूस अजिबात वाईट नाही. आल्या आल्या त्यांनी बिट्टीशी, ताईच्या पाच वर्षांच्या मुलीशी, गट्टी केली. मग खिशातून एक साखळी काढली आणि वकिलाच्या गळ्यात घातली. ओढली की आवळायची, सोडली की सैल पडायची.

"गुरगुरणं म्हणजे उद्धटपणा," मास्तर म्हणाले. "आज आवाज चढवतो, उद्या दात लावेल. आवाज आला की हिसका. बस्स. मारायचं नाही, ओरडायचं नाही."

ताईची धाकटी नणंद तेव्हा तिथेच होती. ती जनावरांच्या दवाखान्यात नर्स, दोन्ही हातांवर मांजरांच्या ओरखड्यांची नक्षी. तिला राहवलं नाही. "वहिनी, तो दम देत नाहीये. तो सांगतोय की मला इथे दुखतं. सांगू दे की त्याला!"

"तुझं काय जातंय सांगू द्यायला?" ताई फटकन म्हणाली. "दिवसभर दार मला उघडायचं असतं."

धाकटीने पिशवी उचलली. आपलं घर नाही, आपला कुत्रा नाही, किती बोलणार?

पहिले दोन दिवस ताईला हिसका देववेना. तिसऱ्या दिवशी जमला. पाचव्या दिवशी वकील आवाज काढायच्या आधीच साखळीकडे बघायला लागला, आणि नवव्या दिवशी मास्तरांनी त्याच्या डाव्या कानावर हात ठेवला तरी टेबलाखाली चिडीचूप. ताईने येईल त्याला ते कौतुकाने दाखवलं. मोठ्या बाईंनाही निरोप धाडला. पुढचे आठ महिने घरात इतकी शांतता होती की आधीच का नाही हे केलं, असं तिला वाटायचं.

मग तो गुरुवार उजाडला. दुपारची वेळ, ताई पाठमोरी बसून पडद्यांच्या लांबलचक शिवणी मारत होती. मागे दोन हातांवर बिट्टी खेळत होती. आईची जुनी मापाची टेप घेऊन ती वकिलाचा कोट शिवायला निघाली होती. "हात वर करा. आता गळा." टेप गळ्याभोवती गेली, मग कानामागून. पूर्वीचे दिवस असते तर इथे टेबलाखालून आवाज आला असता. मशीन चालू असली तरी ताईला तो पायांतून कळायचा, आणि ती मागे वळायची. शेकडो वेळा वळली होती. त्या दिवशी तिने शिवण शेवटापर्यंत नेली. मग किंकाळी आली.

गालावर तीन टाके पडले. डोळा बोटभर अंतराने वाचला. दवाखान्यातल्या बाकावर बिट्टी आईच्या मांडीवर हुंदके देत होती आणि एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती. "तो काहीच नाही बोलला, आई. तो काहीच नाही बोलला."

डॉक्टरांनी बिट्टीला इंजेक्शनं दिली आणि कुत्र्याला दहा दिवस नजरेखाली ठेवायला सांगितलं. दहा दिवस तो धडधाकट राहिला म्हणजे रेबीजची भीती नाही. तोवर बिट्टीला आजीकडे ठेवलं.

"दहा दिवस झाले की रविवारी बिट्टी घरी येणार," त्या संध्याकाळी नवरा म्हणाला. "आणि हा घरात नसणार."

हे त्याने रागाने म्हटलं असतं तर ताई भांडली असती. पण त्याचा आवाज पार बसला होता. त्या पिल्लासाठी तो स्वतः खड्ड्यात उतरला होता, चार वर्षं सकाळचं फिरवणं त्याच्याकडेच होतं. वकील त्याच्या पायावर हनुवटी टेकवून बसला होता आणि त्याने पाय हलवला नव्हता.

धाकटी धावत आली होती. ती ओट्याला टेकून उभी राहिली आणि भावाला म्हणाली, "दादा, तू लिफ्टवाला माणूस. माणसं जास्त झाली की बझर वाजतो ना?"

"हो."

"त्या आवाजाचा त्रास होतो म्हणून कुणी त्याची वायरच तोडली तर?"

अशा लोकांना नवरा रोज घरी येऊन शिव्या देत असे, त्यांना तुरुंगात टाकलं पाहिजे म्हणत असे.

"वकिलाची वायर आपण तोडली," धाकटी म्हणाली. "राग गेला नाही, दुखणं गेलं नाही, फक्त आवाज गेला. तो परत आला तर त्याच्याबरोबर राहता येईल. बिट्टीलाही शिकवता येईल, की आवाज आला की हात मागे."

"आणि नाही आला तर?"

धाकटीने खाली बघितलं. "तर मी तुला अडवणार नाही."

"दहा दिवस तर आहेतच," नवरा शेवटी म्हणाला. "मला एकदा दिसू दे, की हा आधी सांगतो. एकदा. मग ठेवू."

ताईने त्या 'ठेवू'ला गच्च पकडलं.

धाकटीने रीत समजावून सांगितली. साखळी काढून टाकायची. रोज चार वेळा, पाच-पाच मिनिटं, वकिलासमोर जमिनीवर बसायचं. हात हळूहळू डाव्या कानाकडे न्यायचा. त्याने ओठ चाटले, मान वळवली, अंग ताठ केलं, की तिथेच थांबायचं, हात मागे घ्यायचा आणि उकडलेल्या कोंबडीचा तुकडा द्यायचा. "त्याला कळलं पाहिजे, की नाही म्हटलं तर ऐकलं जातं. तो आता कुजबुजतोय, वहिनी. कुजबूज ऐकलीत तर पुढे आवाज काढेल."

"किती दिवसांत?"

"महिने लागतात," धाकटी म्हणाली, आणि दोघी एकमेकींकडे न बघता चहाचे कप विसळायला लागल्या.

ताईने दुकान बंद ठेवलं. दारावर पाटी लावली आणि जमिनीवर फतकल मारून बसली. हात पुढे, ओठ चाटले, हात मागे, तुकडा. हात पुढे, मान वळली, हात मागे, तुकडा. दुसऱ्या दिवशी तिचे गुडघे बोलायला लागले, वकील मात्र नाही. तिसऱ्या दिवशी तो तिच्याकडे बघून शेपटी हलवायला लागला, कारण कोंबडी आवडायला लागली. चौथ्या दिवशी ताईच्या तोंडचं पाणी पळालं. हा खूश होता, लठ्ठ होत होता आणि मुका होता.

मधल्या वेळात तिने सगळीकडे फोन केले. शहराबाहेर कुत्रे सांभाळणारी एक संस्था होती. तिथली बाई गोड बोलत होती, ते "लहान मुलीला चावला" हे शब्द येईपर्यंतच. दुसऱ्या ठिकाणी विचारलं, "चावण्याआधी इशारा देतो का?" ताई खोटं बोलू शकली असती. "नाही," ती म्हणाली, आणि तिकडून माफी मागून फोन ठेवला गेला. वकिलाला आपल्या खोलीवर ठेवता यावं म्हणून धाकटीने तिच्या घरमालकाच्या हातापाया पडून पाहिलं, तो ढिम्म हलला नाही.

पाचव्या दिवशी ताईने मास्तरांना फोन लावला. "मास्तर, त्याला परत गुरगुरायला शिकवा."



"ताई, तीस वर्षं मी ते बंद करायला शिकवलं," मास्तर म्हणाले. "चालू कसं करतात, मला माहीत नाही." मग त्यांनी विचारलं, "मुलगी बरी आहे ना?"

सहाव्या दिवशी ताईने लाज सोडली. ती स्वतः हातापायांवर ओणवी झाली, टेबलाखाली डोकं घातलं आणि वकिलाच्या तोंडासमोर तोंड नेऊन गुरगुरली. "गुर्रर्र! असं! तुला येत होतं रे, मेल्या! गुर्रर्र!" वकील बापडा गोंधळला, आणि त्याने तिचं नाक चाटलं. नेमक्या त्याच वेळी पाटी न वाचता दार ढकलून एक गिऱ्हाईक आत आलं, पँट हातात घेतलेले जाडजूड गृहस्थ. त्यांनी टेबलाखालून बाहेर आलेली ताईची पावलं पाहिली, तो आवाज ऐकला, आणि "मी नंतर येतो" म्हणून दार लोटून घेतलं. ताईला हसू फुटलं. हसता हसता तिथेच, फरशीवर, तिला रडू कोसळलं, आणि ते लवकर आवरेना.

रोज संध्याकाळी ती बिट्टीला भेटायला जाई. गालावर पट्टी, तरी पोरीची चौकशी वकिलाचीच. "त्याला रागावलीस का? त्याला सांग, मी कोट नाही शिवणार." ताई हो हो म्हणे आणि परत येई.

आठवा दिवस, शुक्रवार, सकाळचे अकरा. घरात कुणी नाही. हात पुढे नेता नेता ताईचं लक्ष क्षणभर खिडकीकडे गेलं आणि हात नेहमीपेक्षा बोटभर पुढे सरकला. आणि तिला ते ऐकू आलं. ऐकू आलं म्हणण्यापेक्षा गुडघ्यांना जाणवलं, फरशीतून. एक बारीक, खरखरीत, गंजलेला आवाज. संपायच्या आत वकिलाने स्वतःच मान खाली घातली आणि डोळे मिटून घेतले, आता हिसका बसणार म्हणून.

ताईने हात मागे घेतला. वाटीतले सगळे तुकडे त्याच्यासमोर ओतले. "शाब्बास," ती म्हणत राहिली, "शाब्बास रे माझ्या राजा, शाब्बास." वकिलाने एक डोळा उघडला. चार वर्षांत इतका चकित झालेला तिने त्याला कधी पाहिला नव्हता. दुपारपर्यंत तो आणखी दोनदा गुरगुरला.

तिने धाकटीला फोन केला तेव्हा दोघीही रडत होत्या. पण धाकटी लवकर सावरली. "वहिनी, ऐका. सध्या फक्त तुम्ही. दुसऱ्या कोणाचा हात नको. महिनाभर तरी नको. त्याचा विश्वास आता कुठे एका माणसावर बसतोय."

"अगं, पण तुझ्या दादाला दिसायला नको का? परवा रविवार!"

"मी बोलते त्याच्याशी. तुम्ही घाई करू नका. फक्त घाई करू नका."

धाकटी बोललीही. नवरा ऐकून म्हणाला, "तिच्यासमोर गुरगुरतो, चांगलंच आहे. पण तो चावला तिला नाही, बिट्टीला. मी काय बघून पोरीला घरी आणू?" तो चुकीचं बोलत असता तर किती सोपं झालं असतं, असं ताईला वाटलं.

शनिवारी नवरा दुपारीच घरी आला. ताईने सकाळपासून सात वेळा करून बघितलं होतं, सातही वेळा तो बारीक आवाज आला होता. मोजलं होतं तिने. आपण घाई करतोय हे तिला कळत होतं, पण समोर एकच दिवस असताना माणूस थांबणार तरी कसा?

"या ना," ती म्हणाली. "इथे माझ्याजवळ बसा. हळूच हात न्या. ऐकू येईल तुम्हाला."

नवरा कामाच्या कपड्यांतच खाली बसला. हात धुऊन आला होता. त्यालाही हे व्हायला हवं होतं, अगदी मनापासून, हे ताईला त्याच्या चेहऱ्यावर लख्ख दिसलं. "काय वकीलसाहेब," तो हळू म्हणाला, "घ्या बघू हरकत." आणि त्याने हात पुढे नेला, सावकाश, बरोबर तिने दाखवला तसा.

वकिलाने ओठ चाटले. ताईने ते पाहिलं. थांबा म्हणायला हवं होतं. पण आवाज यायचा होता अजून. आता येईल, ती मनात म्हणाली, आता येईल, अजून थोडंसं. वकिलाचं अंग ताठ झालं. डोळ्यांचा पांढरा भाग दिसला. नवऱ्याची बोटं कानाला टेकली.

पुढचं डोळ्याचं पातं लवायच्या आत झालं. दात बोटाच्या पेरात गेले आणि लगेच सुटले. वकील टेबलाखाली शिरून भिंतीला अंग चिकटवून थरथरत बसला.

नवरा ओरडला नाही. बोट दुसऱ्या मुठीत धरून तो तसाच बसून राहिला. रक्त मनगटापर्यंत आलं. मग तो म्हणाला, "काहीच नाही म्हणाला गं."

"माझ्याजवळ म्हणतो," ताई म्हणाली. "शपथेवर सांगते, सकाळी सात वेळा म्हणाला. मी थांबवायला हवं होतं तुम्हाला, चूक माझी आहे. आणखी एक महिना द्या."

"महिनाभर बिट्टी कुठे राहील? आणि महिन्यानंतर, तू स्वयंपाकघरात असशील, ती त्याच्याजवळ. तू पाठ फिरवशील? सांग, फिरवशील?"

ताईने तोंड उघडलं, आणि तिला खरं उत्तर द्यावं लागलं. "नाही," ती म्हणाली.

रविवारी सकाळी वकिलाला तिनेच नेलं. नवरा येतो म्हणाला होता, पण एक बूट घालून तो उंबऱ्यावरच बसला, तेव्हा तिनेच त्याला घरी थांबवलं. दवाखाना धाकटीचाच होता, पण तिने त्या दिवशी रजा टाकली होती. "मला नाही जमणार, वहिनी, माफ करा," असा तिचा निरोप होता.

दवाखान्यात फिनाईलचा वास होता. डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने कागद वाचले, ताईकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "चावरा आहे, म्हणून तोंडाला पट्टी बांधावी लागेल."

"पट्टी बांधली तरी गुरगुरता येतं ना?" ताईने विचारलं.

डॉक्टरला प्रश्न विचित्र वाटला असावा. "येतं की. इथे बहुतेक सगळे गुरगुरतात."

मदतनीस बाईने वकिलाला उचलून स्टीलच्या टेबलावर ठेवलं. त्याची नखं घसरली. डॉक्टर पुढच्या पायावरचे केस काढायला लागली, आणि मदतनीस बाईने डोकं स्थिर राहावं म्हणून तळहात नेमका त्याच्या डाव्या कानावर दाबला. वकिलाचं अंग ताठ झालं. ताई त्याच्या तोंडाशी वाकली. तो गुरगुरला असता तर तिने डॉक्टरचा हात धरला असता. नवऱ्याला, सासूला, साऱ्या जगाला तोंड दिलं असतं, कुत्र्याला घेऊन कुठेही गेली असती. तसं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. हा हात तिचा नव्हता, परक्याचा होता. एवढंच तर बघायचं होतं सगळ्यांना.

"गुरगुर रे," ती त्याच्या कानात म्हणाली. "एकदा. मी ऐकते आहे. कुणी काही करणार नाही तुला. एकदाच."

वकिलाने तिच्याकडे बघितलं. त्याच्या गळ्याशी काहीतरी हललं. आणि तिच्या डोळ्यांदेखत त्याने ते गिळलं, मान खाली घातली आणि निमूट पडून राहिला.

"किती शहाणा आहे हो," मदतनीस बाई हळहळून म्हणाली. "कान धरलाय तरी एक आवाज नाही. असा कुत्रा नाही पाहिला मी. कुणी शिकवलं याला?"

डॉक्टरने सुई हातात घेतली होती.

"मी," ताई म्हणाली. "मीच शिकवलं."